युनियनचा फॉर्म भरावा का? आधी शेवटचा करार मागून वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साकीनाक्याजवळच्या औषध कंपनीत पॅकिंगला अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली चार ठेकेदाराकडे, पुढची सात कायम. पगार तीसेक हजार. कंपनीत जुनी युनियन आहे, महिन्याला दीडशे रुपये वर्गणी, पण तुम्ही अजून सभासद नाही. आता गेटवर दुसऱ्या युनियनची माणसं पक्षाचा झेंडा आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन उभी राहतात. एचआरने केबिनमध्ये बोलावून "तुम्हाला ऑफिसर ग्रेड द्यायचा विचार आहे, या भानगडीत पडू नका" असं सुचवलं. वडील गिरणीत होते, ते म्हणतात कुठल्याच युनियनच्या नादी लागू नकोस. तर पैसे वसूल होतात का, असा तुमचा सरळ सवाल. लाइनवरच्या ठेकेदाराच्या मुलांचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

मी कुठल्या बाजूचा ते आधी सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. निवृत्त होईपर्यंत मी मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये पर्सोनेल खात्यात होतो. करार व्हायचे तेव्हा मी टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूला बसायचो. त्यामुळे युनियनबद्दल मला भाबडं प्रेम नाही. पण कंपनी युनियनकडे कशी बघते, कशाला घाबरते आणि कशाला अजिबात घाबरत नाही, हे मला आतून माहीत आहे.

पहिली गोष्ट गेटवरची माणसं तुम्हाला सांगणार नाहीत. नुसत्या पगारवाढीसाठी वर्गणी भरायची गरज नसते. लेबर कमिशनरसमोर समेटात झालेला किंवा मान्यताप्राप्त (म्हणजे बोलणी करायचा कायदेशीर हक्क असलेल्या) युनियनने केलेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, सभासद असो वा नसो. गेली सात वर्षं तुम्ही एक रुपया न भरता वाढ घेतलीच असेल. "युनियनमुळे पगार वाढतो, म्हणून सभासद व्हा" हा युक्तिवाद तुमच्यापुरता लंगडा आहे. (मान्यता नसलेल्या युनियनने कमिशनरला मध्ये न घेता आपसात केलेला करार मात्र सही करणाऱ्यांपुरताच बांधील असतो. तिथे कंपनी बिगरसभासदाकडून "मला करार मान्य आहे" असं वेगळं लिहून घेते आणि मगच वाढीचा फरक देते. तुमच्याकडून असं काही लिहून घेतलं असेल तर त्या कागदाची प्रत शोधून ठेवा.)

म्हणजे प्रश्न दोनच उरतात. वाढ किती मिळते, आणि तुमच्या एकट्यावर काही आलं तर कोण उभं राहतं.

वाढीचं आधी. वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे दोन आकडे ठरलेले असायचे. एक, जिथून बोलायला सुरुवात करायची. दुसरा, ज्याच्या वर जायला संचालकांची परवानगी नाही. दोन्हींत अंतर बरंच असायचं, आणि शेवटी सही कुठे होणार हे युनियनकडे किती माणसं आहेत आणि कमिटीत कोण आहे यावर ठरायचं. घोषणा देणाऱ्याची आम्हाला भीती नव्हती. घोषणांना आम्ही चहा पाजायचो. भीती असायची ती वहीत टिपण ठेवणाऱ्याची. ओव्हरटाइम कुठल्या लाइनवर किती झाला, ठेकेदाराची माणसं किती वाढली, एक्स्पोर्टचा माल कुठल्या महिन्यात जायचा आहे, हे ज्याला तोंडपाठ होतं तो समोर आला की आमचा पहिला आकडा अर्ध्या तासात मागे पडायचा. तुमच्या कमिटीत असा एकजण तरी आहे का, हे झेंड्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचं आहे.

आता एकट्यावर येणाऱ्या गोष्टीचं. माझ्या मते वर्गणी खरी वसूल होते ती इथे. समजा एखाद्या बॅचमध्ये लेबल चुकलं आणि जबाबदारी तुमच्यावर ढकलली. शिफ्ट संपताना सुपरवायझर गोड बोलून म्हणतो, "दोन ओळी माफीच्या लिहून दे, विषय संपला." विषय तिथे सुरू होतो. पुढे कंपनीची चार्जशीट (आरोपपत्र) आली की तोच माफीनामा गुन्ह्याची कबुली म्हणून चौकशीत पहिला पुरावा होतो. त्या क्षणी बाजूला उभं राहून "काही लिहू नकोस, उत्तराला मुदत माग" एवढंच सांगणारा माणूस लागतो. वकील दोन महिन्यांनी येतो, तोपर्यंत कागद बनलेले असतात. चौकशीत तुमच्या वतीने उलटतपासणी घ्यायला सहकामगार किंवा युनियनचा प्रतिनिधी बसू शकतो, आणि सवयीचा माणूस व नवखा माणूस यांतला फरक चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालात दिसतो. सस्पेंड झालात तर पहिले ९० दिवस निम्मा पगार मिळतो. तेवढ्यात घर चालवताना माणूस घाबरून राजीनामा लिहून देतो. मी असे राजीनामे स्वीकारलेले आहेत. ज्यांच्यामागे युनियन होती त्यांनी ते फारसे लिहिले नाहीत.

पण सगळ्याच गोष्टींना युनियन लागते असं नाही. ग्रॅच्युइटी अडवली, पीएफ भरला नाही, यासाठी तुम्ही एकटे अर्ज करू शकता. कामावरून काढलं तरी त्याचा वाद कामगार स्वतःच्या नावाने नेऊ शकतो, युनियनची सही लागत नाही. "आमच्याशिवाय तुझी केस उभीच राहणार नाही" असं कुणी म्हणालं तर तो धंदा करतोय असं समजा.

वडिलांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यातल्या कित्येकांना परत काम मिळालं नाही. पण तो संप नेमका कुठे अडकला ते बघा. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांचा ज्यांच्यावर विश्वास नव्हता त्यांच्याशीच मालक कायदेशीर करार करू शकत होते. ज्यांच्यावर विश्वास होता त्यांना टेबलावर खुर्ची नव्हती. त्यातच कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होतं, म्हणून मालकांना घाई नव्हती. मला यातून "युनियन नको" असा अर्थ काढता येत नाही. मान्यता कुणाची आहे आणि ती युनियन कामगारांच्या हातात आहे का, हे न बघता बाहेर उडी मारली की काय होतं, ते मात्र त्यात दिसतं. तुमच्या गेटवरच्या नव्या युनियनबद्दलही हाच पहिला प्रश्न आहे.

महाराष्ट्रात मान्यतेचा १९७१ चा वेगळा कायदा आहे. ५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत, अर्जाआधीचे सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेली युनियन मान्यता मागू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत मोजमाप वेगळं आहे. एका जागी अनेक युनियन असतील तर किमान ५१ टक्के सभासद असलेली एकच युनियन बोलणी करते, आणि तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनांची मिळून परिषद बनते. दोन्हींची सांगड कशी घालायची ते वकील बघतील. तुम्ही एवढं धरून चला की दोन्हीकडे डोकी मोजली जातात. तुमच्यासारखे पाचपन्नास जण फुकट वाढ घेत बाहेर राहिले तर युनियन उंबरठ्याच्या खाली राहते, आणि कंपनीला समोर बसायलाच लागत नाही. आम्हीही हिशोब करायचो. सभासद किती याची यादी आमच्याकडे त्यांच्या खजिनदाराच्या आधी असायची.

युनियन चांगली की वाईट हे भाषणातून कळत नाही. मागचा करार मागा. देत नाहीत, "ऑफिसात येऊन बघ" म्हणतात, तर तिथेच उत्तर मिळालं. मिळाला तर पगारवाढीचं पान शेवटी वाचा.

आधी बघा नव्या भरतीचं कलम. "या करारानंतर कायम होणाऱ्या कामगारांना वेगळी श्रेणी लागू राहील" अशी ओळ असते. जुन्यांना वाढ देऊन नव्यांचा पगार कापायची ही आमची आवडती युक्ती होती, कारण सही करणाऱ्या कमिटीत नवा माणूस नसतोच. सात वर्षांपूर्वी कायम होताना तुम्ही कदाचित याच ओळीखाली आलात. जुन्या माणसाशेजारी तीच लाइन चालवून तुम्हाला पाच-सात हजार कमी मिळत असतील तर कारण तिथे सापडेल.

मग उत्पादनाचा नॉर्म, म्हणजे ठरलेल्या माणसांनी किती माल काढायचा तो आकडा. महिन्याला चार हजार वाढले आणि लाइनवरचा एक माणूस कमी झाला, तर वाढ कुणी दिली? उरलेल्यांनी. नॉर्म वाढवणं नेहमी चुकीचं नसतं. नवं मशीन आलं असेल तर रास्तही असतं. पण मशीन तेच आणि नॉर्म वाढला असेल तर कमिटीने झोपेत सही केली. त्यानंतर बदलीचं कलम: "आवश्यकतेनुसार कामगाराला कंपनीच्या कुठल्याही विभागात किंवा आस्थापनेत पाठवता येईल." "विभागात" ठीक. "आस्थापनेत" हा एक शब्द आत गेला की पुढे तुमच्या हातात हिमाचलमधल्या बद्दीचं तिकीट पडू शकतं. ठेकेदाराच्या माणसांबद्दल करारात एक अक्षर नसेल तर तेही लक्षात घ्या. कायम कामगार निवृत्त होत जातील, त्यांच्या जागी ठेक्यावरची पोरं येतील आणि तुमची युनियन आपोआप विरळ होईल.

पैशांबद्दलही उघड विचारा. दीडशे रुपये किरकोळ आहेत. करार झाल्यावर फरकाच्या रकमेतून युनियन "करार निधी" म्हणून एकरकमी कापते, ती मोठी असते. किती कापली, सभेत ठराव झाला होता का, पावती मिळाली का? नोंदणीकृत युनियनला दरवर्षी हिशोब रजिस्ट्रारकडे द्यावा लागतो, आणि सभासदाला हिशोबाच्या वह्या बघता येतात. मुंबईत हे कामकाज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनातून चालतं. शेवटची कमिटी निवडणूक कधी झाली तेही विचारा. तोच अध्यक्ष बिनविरोध आणि कमिटीची पोरं कंपनीत कँटीनचं कंत्राट सांभाळतात, अशी परिस्थिती असेल तर त्या युनियनला आम्ही "आपली" म्हणायचो. आपली म्हणजे कंपनीची.

झेंड्याचं मला वावडं नाही. बाहेरचा नेता हवाच असतो, कारण त्याला चार्जशीट देता येत नाही. पण संघटित क्षेत्रात कायद्याने बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातलं जे कमी तेवढेच. उरलेली कमिटी तुमच्यातूनच यायला हवी, आणि नव्या युनियनकडे तुमच्या कारखान्यातली तशी माणसं आहेत का, हे नेत्याच्या गाडीमागे किती गाड्या आहेत त्यापेक्षा महत्त्वाचं. "आठ दिवसांत बंद करून दाखवतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. नव्या संहितेत कुठल्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. आणि दहा किंवा जास्त जण ठरवून नोटीस न देता गैरहजर राहिले, तर नोटिशीची अट नोकरीच्या शर्तींत असेल तिथे आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. तो कापला जातो तेव्हा नेता गेटवर नसतो.

प्रमोशनचं खरं सांगतो. परिणाम होतो. नुसत्या सभासदावर फारसा नाही, कारण यादी लांब असली की एकेका नावाचं कुणाला काही पडलेलं नसतं. कमिटीत पुढे आलात तर तुमची फाइल जाड व्हायला लागते. उशीर, रजा, टॉयलेटला लागलेला वेळ, जे पूर्वी कुणी लिहीत नव्हतं ते लिहिलं जातं. युनियनमध्ये गेल्याबद्दल धमकी देणं किंवा न जाण्यासाठी लालूच दाखवणं ही १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथा आहे, आणि तिची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. पण केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं सिद्ध करायचं कसं? म्हणून आजच तारीख, वेळ आणि शब्द कुठेतरी लिहून ठेवा.

त्या "ऑफिसर ग्रेड"बद्दल थोडं थांबा. ही खरी बढती असेल तर चांगलंच आहे. पण काम तेच, लाइन तीच, फक्त पत्रावर "ऑफिसर" आणि दोन-तीन हजार जास्त, असं असेल तर तुम्हाला कामगाराच्या व्याख्येबाहेर काढायचा तो स्वस्त रस्ता आहे. संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० च्या वर पगार घेणारा माणूस कामगार धरत नाहीत. कोर्ट हुद्द्याकडे नाही, प्रत्यक्ष कामाकडे बघतं हे खरं, पण ते वांद्र्याला सिद्ध करेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर पगार बंद असतो. माणसं मोजून द्यायची, रजा मंजूर करायची, शिक्षेची शिफारस करायची असे अधिकार पत्रात लिहून देतात का ते विचारा. देत असतील तर ती बढती. नसतील तर मी सही केली नसती.

यापुढची गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी. तुमच्या कारखान्याची जमीन. साकीनाका, एलबीएस मार्ग, भांडुप, मुलुंड, जिथे जिथे भोंगे वाजायचे तिथे आज टॉवर आणि आयटी पार्क आहेत. औषध कंपन्यांनी उत्पादन बद्दीला, सिक्कीमला हलवलं. मुंबईतल्या प्लॉटला गोळ्यांच्या पट्ट्यांपेक्षा जास्त भाव आहे, हे तुमच्या संचालकांना तुमच्याआधी कळलेलं असणार. तुमच्याकडे एखादी लाइन गेल्या दोन वर्षांत "तात्पुरती" बंद झाली आहे का? नवीन मशीन कधी आलं? निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या का?

कारण कारखाना बंद करायचा तर पूर्वी १०० कामगार असले तरी सरकारची परवानगी लागायची. नव्या संहितेत ती मर्यादा ३०० आहे. दीड-दोनशे कामगारांच्या कारखान्याला आता नोटीस आणि भरपाई पुरते. भरपाई म्हणजे सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. तुमचा हिशोब करू: तीस हजारांवर १५ दिवसांचे पंधरा हजार, गुणिले सात वर्षं, एक लाख पाच हजार. ठेकेदाराकडची चार वर्षं त्यात धरत नाहीत, ती धरायला लावायची तर वेगळा लढा. वर ग्रॅच्युइटी. अकरा वर्षं राबून एवढंच. व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्तीत) मिळतात ते मोठे आकडे कायद्यात लिहिलेले नाहीत. ते युनियनने बसून काढलेले असतात, कारण प्लॉट लवकर मोकळा करून देणं हीच त्या वेळी कामगारांच्या हातातली एकमेव किंमतीची वस्तू असते. एकेकट्याला बोलावलं की ती वस्तू एकेकट्याच्या भावात जाते. अशा बैठका मी घेतल्या आहेत. युनियन असलेल्या ठिकाणी आणि नसलेल्या ठिकाणी शेवटच्या आकड्यांत जो फरक पडायचा, तो बघून वर्गणीवर वाद घालावासा वाटत नाही.

तुमच्याबरोबर लाइनवर ठेकेदाराची मुलं आहेत, त्यांचंही तुम्ही विचारलंय. त्यांना धोका तुमच्यापेक्षा जास्त, कारण ठेकेदार बदलला की नाव उडतं. पण त्यांचं एकट्याने काहीच होत नाही, हेही तितकंच खरं. मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनी युनियन करून वर्षानुवर्षं केस लढवली, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० जण कायम झाले. तुमच्या जुन्या युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यायची तरतूद आहे का ते बघा. नसेल तर ती युनियन स्वतःचीच मुळं कापते आहे.

कुणासाठी मी "नको" म्हणेन? वर्षभरात नोकरी सोडून जायचं ठरलेल्याला विशेष उपयोग नाही. शहानिशा केल्यावर दोन्ही युनियन कंपनीच्या खिशातल्या निघाल्या तर घाई करू नका, आतल्या दहा-बारा जणांशी बोला. आणि भांडण आधीच पेटलेलं असताना, सस्पेन्शनचं पत्र हातात पडल्यावर फॉर्म भरणाऱ्याला युनियन नाही म्हणत नाही, पण त्याच्यासाठी जीवही टाकत नाही. पाऊस सुरू झाल्यावर कौलं शाकारायला निघण्यासारखं आहे ते.

तुमच्या जागी मी असतो तर जुन्या युनियनचा करार मागून घेतला असता, आणि त्यात वर सांगितलेली कलमं फारच वाईट नसतील तर तिथेच सभासद झालो असतो. नव्या युनियनचा फॉर्म खिशात ठेवला असता, भरला नसता. एकाच कारखान्यात दोन युनियन निम्म्या-निम्म्या झाल्या की सर्वांत जास्त आनंद आमच्या टेबलाच्या बाजूला व्हायचा. जुनी कमिटी निकामी असेल तर आत जाऊन ती निवडणुकीत पाडणं, बाहेरून नवा झेंडा लावण्यापेक्षा कंटाळवाणं आहे, पण बहुतेक वेळा जास्त पदरात पडतं. अपवाद एकच: करार बघायला मिळत नाही, हिशोब मिळत नाही आणि निवडणूकही होत नाही, असं तिन्ही असेल तर.

एचआरला काही कळवायची गरज नाही. वर्गणी पगारातून कापायला सांगण्यापेक्षा सुरुवातीला रोख किंवा ऑनलाइन भरा आणि दर महिन्याची तारीख असलेली पावती जपून ठेवा. मान्यतेच्या वादात मागच्या सहा महिन्यांच्या पावत्याच मोजल्या जातात. चालू करार कधी संपतो ते कमिटीला विचारा. सात-आठ महिन्यांत संपणार असेल तर पहिली पावती या महिन्याची असू द्या.